चिमटे हवालदाराचं बंद तोंड

आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेल्या काचा बदलायच्या, हौदात पडलेले फोन वाळवायचे, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. या दुकानातून तीन वर्षं दर शनिवारी फौजेच्या एका बर्फातल्या चौकीसाठी मनोरंजनाचा कार्यक्रम जात होता, असं मी सांगितलं की लोकांना वाटतं अब्रार फेकतोय. वाटू द्या. कार्यक्रम जात होता, आणि तो करणारा माणूस होता देवीलाल.

देवीलालभाऊ सहा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातले. बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परतले आणि इथल्या जिनिंगवर गार्ड झाले. कापसाच्या धुळीत दिवसभर उभं राहायचं असलं तरी शर्टाला कडक इस्त्री. दुकानात आले की बूट आपटून सलाम ठोकायचे, त्यामुळं समोरचं गिऱ्हाईक दचकायचं आणि मी चिडायचो. मी चिडावं म्हणूनच ते करायचे.

फौजेत ते ड्रायव्हर होते, पण पलटणीला त्यांची गरज निराळ्याच कामासाठी लागायची. बडा खाना असला, म्हणजे साहेब आणि जवान एकत्र जेवायचा दिवस असला, की जेवणानंतर देवीलालला उभं करायचे. तो साहेबांच्या नकला करायचा, लंगरच्या स्वयंपाक्याची करायचा, खेचराचीसुद्धा करायचा. एकदा वरच्या एका चौकीवर चार महिने अडकले असताना एका जवानानं बोलणंच सोडलं. खायचा, पहारा द्यायचा, पण तोंडातून शब्द नाही. देवीलालनं सलग नऊ दिवस त्याच्या शेजारी बसून कमांडिंग साहेबांच्या आवाजात हवामानाच्या बातम्या दिल्या. दहाव्या दिवशी तो म्हणाला, "बस कर ना बे." ही गोष्ट भाऊंनी मला पन्नासदा सांगितली असेल. दर वेळी शेवटी तेच म्हणायचे की, तिथं माणसाला गोळीची भीती नसते, आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईनासा होतो त्याची असते.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा जुना सोबती हरिसिंग, आता सुभेदार झालेला, त्याचा फोन आला. तो खालच्या तळावर होता आणि त्याच्या कंपनीची तेरा पोरं वरच्या चौकीवर. सगळी आपल्याकडची, विदर्भ-मराठवाड्याची. टीव्हीची डिश बर्फानं वाकवलेली, तेच ते सिनेमे पाहून संवाद पाठ झालेले. हरिसिंग सहज म्हणाला, तू असता तर बरं झालं असतं. भाऊ दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात हजर. म्हणाले, माझा आवाज भरून दे.

मग ठरूनच गेलं. शुक्रवारी दुपारी मी शटर अर्धं ओढायचो, काउंटरवर गोधडी टाकायचो म्हणजे आवाज घुमत नाही, आणि भाऊ माइकसमोर बसायचे. आवाज साफ करून मी तो हरिसिंगला पाठवायचो. तो आधी स्वतः ऐकायचा, जागेचं किंवा पलटणीचं नाव नाही ना बघायचा, आणि मग कार्डावर भरून शिध्याबरोबर वर पाठवायचा. कार्यक्रमात आर्णीच्या बाजारात काय झालं ते असायचं, कुणाची म्हैस कुणाच्या तुरीत शिरली ते असायचं. हवामान तर हवंच. "आज यवतमाळ जिल्ह्यात पंचेचाळीस डिग्री, ज्याले पायजे त्यानं कान जवळ आणा, थोडी पाठवून राह्यलो." आणि शेवटी एका घरचा निरोप. त्यासाठी भाऊ सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर त्या त्या गावी जायचे. ऋतिक नावाचं एकवीस वर्षांचं पोरगं वर नवीन गेलं होतं, मुकुटबनचं. त्याच्या आईचा निरोप आणायला भाऊ शंभराच्या वर किलोमीटर गेले. ती बाई माइकसमोर लाजली, मग अर्धा तास पोराला रागावली. पोरांनी म्हणे ते रागावणंच पुन्हा पुन्हा ऐकलं.

आता माझ्या चुकीकडं येतो.

मागच्या दिवाळीच्या आधी भाऊंचा आवाज दबल्यासारखा यायला लागला. हेडफोन माझ्या कानाला, म्हणजे जगात सगळ्यांच्या आधी तो मी ऐकला. शब्द दातांच्या आतच अडकायचे. मी त्यांना सांगितलं, भाऊ, जरा तोंड उघडून बोला. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा वैतागले, आणि पाचव्यांदा त्या वैतागातून एक नवीन माणूस बोलायला लागला. स्टोअरचा हवालदार चिमटे. इतका चिक्कू की मोजे मागितले तर एकच देतो, आणि बोलताना तोंडसुद्धा उघडत नाही, न जाणो आतलं काही बाहेर सांडलं तर. मी इतका हसलो की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. डोळे पुसत मी म्हणालो, भाऊ, हाच आवाज ठेवा, याच्यापुढं तुमच्या सगळ्या नकला पाणी भरतात.

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही.

वरून निरोप आला की चिमटे पाहिजे, दर शनिवारी पाहिजे. पोरं एकमेकांशी तसंच बोलायला लागली होती. आणि भाऊ खूश. दुखणं समोर आलं ते नक्कल म्हणून खपून गेलं, त्यामुळं त्याला दुखणं म्हणायचं त्यांनाही सुचलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, हे कसं कळलं नाही? त्यानं आमच्याकडं येऊन बघावं. इथं खर्रा पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून मिळतो, सुपारी, तंबाखू आणि चुना, आणि पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी खर्रा विचारतात. निम्म्या गावाची तोंडं आखडलेली. जो तो दातांतूनच बोलतो, मग एकाचं तोंड जरा जास्त मिटलं म्हणून कोण बघणार? शुक्रवारचं रेकॉर्डिंग झालं की भाऊ आणि मी एकाच पन्नीतला खायचो. जानेवारीत आरोग्य शिबिरवाल्यांनी गल्लीत कागद चिकटवला, की आपली तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा, नाही गेली तर डॉक्टरला दाखवा. आम्ही दुकानात शर्यत लावली. माझी दोन गेली. भाऊंचं एक. ते एक बोट तोंडात तसंच ठेवून चिमटेच्या आवाजात म्हणाले, "बाकीचे दोन स्टोअरमध्ये जमा हायेत." गिऱ्हाइकांसकट सगळे हसले. मीही हसलो.

ओळखलं ते त्यांच्या बायकोनं, धुरपतावहिनींनी. भाऊ भाकरी डाळीत भिजवून गिळायला लागले होते, आणि उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसायचे. वहिनींनी आरडाओरडा केला नाही. एक दिवस त्यांचा डबा भरला नाही, म्हणाल्या, आधी डॉक्टर, मग डबा. आर्णीच्या डॉक्टरनं यवतमाळला पाठवलं, तिथून तोंडातला तुकडा तपासायला गेला, आणि फेब्रुवारीत नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की जीभ आणि जबडा दोन्हीकडं कॅन्सर आहे, एक मार्चला ऑपरेशन करू, उशीर नको. आवाज राहील का, असं भाऊंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आपण आधी माणूस वाचवू.

त्याच आठवड्यात हरिसिंगचा फोन आला. वर हिमकडा कोसळून दोन पोरं गेली होती. उरलेली अकरा खाली आणता येत नव्हती. वाट मे महिन्याशिवाय उघडणार नव्हती, आणि हेलिकॉप्टर टपाल वरूनच टाकून जायचं, उतरायला जागा नव्हती. गेलेल्यांपैकी एक ऋतिकच्या शेजारी झोपायचा. त्या दिवसापासून ऋतिक एक अक्षर बोलला नव्हता. कुणीच नीट जेवत नव्हतं. हरिसिंगसारखा दगड माणूस, पण विनवणी करायला लागला. म्हणाला, देवीलाल, चिमटेला पाठव.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले आणि ऑपरेशन होळीनंतर करायचं ठरवलंय म्हणाले. होळी पंचवीस मार्चला. मी आधी समजावलं, मग भांडलो. आजच भरून घ्या, हवं तर दहा शनिवारांचं भरून घ्या, आणि एक तारखेला नागपूरला जा. त्यात अडचण काय?

"चिमटेचं भरून देतो ना मी," ते म्हणाले. "पण सोग? तो कोण उतरवीन?"

सोग म्हणजे मृत्यूचं सुतक म्हणा, दुखवटा म्हणा. त्यांच्या तांड्यात ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल, त्या घरापुढं होळीच्या दिवशी सगळा तांडा आधी जातो, डफ वाजवून लेंगी, म्हणजे होळीची गाणी म्हणतो, घरच्यांना हाताला धरून उठवतो, आणि मग त्या घरात पुन्हा हसायला-बोलायला मोकळीक होते. होळीच्या आधी म्हटलं तर सोग उतरत नाही. आणि ज्याचं ते घर, त्यानंच पुढं उभं राहायला हवं.

"ते तुमचं घर हाये का भाऊ?" मी विचारलं. "पाह्यली तरी हाये का ती पोरं?"

"तीन वर्षं झाले त्यांच्या घरात बोलून राह्यलो मी. मंग कोणाचं हाये?"

मी म्हणालो, मी हरिसिंगला तुमच्या आजाराचं सांगतो, तोच तुम्हाला नागपूरला पाठवेल. त्यावर ते उभे राहिले. सलाम नाही, बूट नाही. "सांगशीन तर त्या पोराईले समजन की चिमटे मरून राह्यला. अजून एक. मंग ऋतिक काय करन, त्याले तू जबाबदार. बोल."

मी सांगितलं नाही. त्यांच्या धाकानं सांगितलं नाही, हे खरं आहे. पण पूर्ण खरं सांगायचं तर कार्यक्रम बंद पडावा असं मलाही वाटत नव्हतं. आयुष्यभर लोकांचे फोन उघडणारा मी, त्या शनिवारांमुळं मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. वहिनी दुकानात येऊन गेल्या. म्हणाल्या, अब्रारभाऊ, तुमचं ऐकतीन ते. मी हो हो म्हणालो आणि मान खाली घालून एका फोनचे स्क्रू काढत बसलो. त्या काउंटरपाशी थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या.

होळीच्या सकाळी मी माइक घेऊन तांड्यावर गेलो. आधी त्यांनी गावातल्या दोन घरांचा सोग उतरवला. मग सगळे देवीलालच्या अंगणात आले, जणू मयत त्याच घरात झाली होती. डफ वाजले, बायापुरुषांनी लेंगी धरली. वहिनी दारात उभ्या होत्या, गात नव्हत्या. भाऊंनी त्या दोन पोरांची नावं घेतली, त्यांच्या आईबापांची नावं घेतली, आणि उरलेल्या अकरांना एकेक करून नावानं हाक मारून म्हणाले, ऊठ. एका नावाला तोंडात रक्त आलं, ते दुपट्ट्यानं पुसून त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं. शेवटी चिमटे. "आज स्टोअर खुलं हाये. ज्याले रडाचं त्यानं रडून घ्या, रुमाल मी देतो. धुवून वापस पायजे."

मी तिथूनच ते पाठवलं. संध्याकाळी हरिसिंगनं वायरलेसवर वरच्या चौकीला ऐकवलं. त्यानं कळवलं की पलीकडं आधी कुणीतरी हसलं, आणि मग खूप जण रडायला लागले. ऋतिकचं काही कळलं नाही. भाऊंनी तेवढंच तीनदा विचारलं, ऋतिकचं काय?

ऑपरेशन तीन एप्रिलला झालं. अर्धा जबडा काढला, जीभ जवळपास सगळी काढली. गळ्यातल्या गाठींमध्ये आजार उतरला होता. फेब्रुवारीत तिथं नव्हता, डॉक्टरांनी जुना कागद समोर धरून दाखवला. एक मार्चला आला असता तर, असं काही ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. वहिनींनी तो कागद घेतला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. त्यांनी मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी आणल्यावर भाऊ नाकातल्या नळीनं जेवायचे आणि डोळ्यांखालपासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळून बसायचे. आरसा त्यांनी उतरवून ठेवला होता. पाटीवर लिहायचे. मला पहिल्यांदा लिहिलं ते, शनिवार चुकवू नको. होळीच्या आधी भरून ठेवलेले नऊ शनिवार मी एकेक करून पाठवत राहिलो. हरिसिंगनं फोन केला की सांगायचो, भाऊ शेताच्या कामात आहेत, भाऊ गावाला गेलेत. नऊ संपले तेव्हा जून लागला होता.

आणि जूनच्या पहिल्या शनिवारी तिकडूनच कार्यक्रम आला. अकराही पोरं तळावर उतरली होती, आणि त्यांनी वर असतानाच देवीलालसाठी भरून ठेवलेला आवाज हरिसिंगनं मला पाठवला. मी तो आधी ऐकला नाही. तसाच तांड्यावर गेलो, खाटेवर भाऊंच्या शेजारी बसलो आणि फोनचा आवाज मोठा केला. वहिनी मागं चुलीपाशी होत्या.

एकेक पोरगं आपलं नाव सांगायचं आणि चिमटेच्या आवाजात एक वाक्य बोलायचं. कुणाला जमत होतं, कुणाला नाही, मागं बाकीचे खिदळत होते. भाऊंच्या छातीतून काहीतरी आवाज येत होता, हसणं असावं. ते बोटांवर मोजत होते. दहा झाले. मग मागून कुणीतरी म्हणालं, बोल ना बे, आणि अकरावा बोलला.

"चिमटे साहेब, मी ऋतिक. रुमाल धुतला. आता तरी तोंड उघडा."

नक्कल नव्हतीच ती. तोच आवाज होता, दातांच्या आत अडकलेला, तसाच घासून बाहेर पडणारा. मागं भांडं पडलं. वहिनी धावत आल्या, पिठाचे हात तसेच, चेहरा असा की मी तो जन्मात विसरणार नाही. दोन महिन्यांनी नवरा बोलला असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी खाटेवर त्यांना पाहिलं, दुपट्ट्यात गुंडाळलेले, मग माझ्या हातातला फोन पाहिला. दाराला धरून त्या उभ्या राहिल्या.

"कोण हाये हा पोरगा?" त्यांनी विचारलं.

मुकुटबनचा ऋतिक, मी म्हणालो. नक्कल करतोय. पोरं सगळी करतात.

"बाकीच्याईची नक्कल हाये," वहिनी म्हणाल्या. "मी दिवाळीपासून आयकलं हे घरात. याचं तोंड उघडूनच नाई राह्यलं. खर्रा खाते काय तो?"

भाऊंनी पाटी ओढली. खडू दोनदा मोडला. लिहिलं, बोटं विचार.

मी हरिसिंगला फोन लावला आणि फेब्रुवारीपासून जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. ऋतिक खर्रा खातो का तेही विचारलं. तो म्हणाला, सुट्टीवरून येणारी पोरं पन्नीत खर्रा आणतात, वर थंडीत तोंडात तेवढंच गरम लागतं, आम्ही कुणी काही म्हणत नाही. मी म्हणालो, ऋतिकला बोलवा, तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. फोन तसाच चालू राहिला. लांबून पोरांचं हसणं ऐकू आलं, त्यांना वाटलं चिमटेचाच काहीतरी नवीन खेळ आहे. बऱ्याच वेळानं हरिसिंग परत आला.

"एक जातंय," तो म्हणाला. "दुसरं जोर लावला तरी नाही."

मी भाऊंकडं बघून एक बोट वर केलं. त्यांनी डोळे मिटले. हरिसिंग फोनवर म्हणत होता की मी उद्याच त्याला दवाखान्यात नेतो, पण तो हसतोय, म्हणतो ही तर माझी नक्कल आहे साहेब, तुम्ही घाबरू नका.

भाऊंनी डोळे उघडले. मग हात मागं नेऊन त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली. तीन एप्रिलनंतर डॉक्टर आणि वहिनींशिवाय कुणी तो चेहरा पाहिला नव्हता, मीही नाही. मी खाली बघितलं. त्यांनी माझी हनुवटी धरून मान वर केली आणि फोनकडं बोट दाखवलं. फोटो काढ. वहिनी पुढं झाल्या, भाऊंच्या गळ्यावर लाळ आली होती ती पदरानं पुसली आणि बाजूला झाल्या. भाऊ ताठ बसले, फौजेत ओळखपत्राच्या फोटोला बसतात तसे. मी फोटो काढला.

खाली काय लिहू, मी विचारलं. त्यांनी पाटीवर एवढंच लिहिलं, हवालदार चिमटे, तोंड उघडून. अकराही जणांना दाखव.

मी तो फोटो हरिसिंगला पाठवला. त्या शनिवारी कार्यक्रम तेवढाच झाला.